गावपळणीतली चिलटं

तुमची नोकरी कसली होती, असं कोणी विचारलं की मी सांगते, चिलटं पाळायचे. मग समोरचा माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा आमच्या ह्यांच्याकडे बघतो, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. पण त्यात खोटं काय? पिकल्या केळ्यावर, फणसाच्या गऱ्यांवर जी बारीक चिलटं घोंगावतात आणि तुम्ही हाताने हाकलता, त्यांच्यावरच माझं पोट भरलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांना खाऊपिऊ घातलं, त्यांची लग्नं लावली, त्यांच्या पोरांचे डोळे तपासले. सरकार त्याचा पगार द्यायचं आणि मी तो बिनदिक्कत घ्यायचे.

चिलटंच का, हेही लोक विचारतात. आजोबांचं नाक नातवाला येतं ते कसं, हे माणसांत बघायचं तर संशोधकाने शंभर वर्षं जगायला हवं. चिलटाची पिढी दहा-बारा दिवसांत उलटते. महिन्याभरात आजोबा, पोरं, नातवंडं असा सगळा गोतावळा एका दुधाच्या बाटलीत बघून होतो. शिवाय त्यांना खायला फार लागत नाही आणि ती उलटून बोलत नाहीत. माझ्या पुढच्या विद्यार्थ्यांपेक्षा ती मला नेहमीच सोपी वाटली.

पण नोकरीतलं सगळं सांगत बसले तर हा अंक मलाच पुरायचा नाही. मी सांगते ते नोकरी लागायच्याही आधीचं. एकोणीसशे साठनंतरची ती पहिली काही वर्षं. मी बी. एस्सी.ला कोल्हापुरात होते. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांच्या मनात आलं की कोकणात उन्हाळ्यात काजूची बोंडं कुजतात, त्यांच्यावर रानची चिलटं झुंबड करतात, ती पकडून बघावीत. वर्गात विचारलं, कोकणातलं कोण आहे? मी हात वर केला. आमचा गाव मसुऱ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आई-वडील मुंबईला, आणि गावच्या घरात थोरली काकी एकटी. काका बोटीवर असतानाच वारले होते. काकीला मूलबाळ नव्हतं. जमीन, गाय, कोंबड्या आणि सुट्टीत येणारी मी, असा तिचा संसार.

सरांनी निघण्यापूर्वीच स्वच्छ सांगितलं होतं. पुढल्या वर्षी त्यांच्या हाताखाली संशोधनाला एकच जागा मिळणार होती. माझ्या वर्गातला सदाशिव मार्कांनी माझ्या कितीतरी पुढे. त्याला त्यांनी कॉलेजातल्या बाटल्यांवर ठेवलं आणि मला कोकणात. ज्याच्या हातून काही उभं राहील त्याला जागा, असं म्हणाले. माझ्या वडिलांनी मुंबईत टायपिंगच्या क्लासात माझं नाव घालायचं ठरवून ठेवलं होतं. वाईट काही नव्हतं त्यात, पण मला टायपिंगच्या नावानेच बोटं दुखायला लागायची. मला ती जागा हवी होती, आणि अगदी तोंडाला पाणी सुटावं तशी हवी होती.

सर आमच्या पडवीत उतरले. आम्ही काजीच्या, म्हणजे काजूच्या, बागेत मडकी टांगली. मडक्यात कुजकी बोंडं, तोंडाला फडक्याचं नरसाळं. चिलट आत जातं, त्याला बाहेर यायची अक्कल नसते. चार दिवसांत बागेत असा वास सुटला की विचारू नका. ते दारूबंदीचे दिवस. पाचव्या दिवशी हवालदार दत्त. मडकी, कुजकी बोंडं, वरून फडकं, काजूची दारू गाळायला आणखी काय लागतं? सर त्याला आनुवंशिकता समजावून सांगायला लागले आणि तो आणखीनच खवळला. शेवटी मी भिंग त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, हवालदारसाहेब, एकदा डोळा लावून तर बघा. चिलटाचा डोळा भिंगाखाली लालभडक, दाणेदार दिसतो. तो बघत राहिला. चहा होऊन गार झाला तरी बघत होता. त्यानंतर तो दर दोन दिवसांनी तपासणीला म्हणून यायचा आणि भिंग मागायचा. गुन्हा काही नोंदवला नाही.

मडक्यांतली चिलटं आम्ही घरात आणून बाटल्यांत घालायचो. तळाला नाचणीचं पीठ आणि गूळ शिजवून घट्ट केलेला लगदा, वर कापसाचं बूच. उन्हाळ्याने ती मरू नयेत म्हणून बाटल्या ओल्या वाळूच्या रांजणात. मोजायची वेळ आली की त्यांना ईथरचा वास देऊन झोपवायचं, कोंबडीच्या पिसाने पांढऱ्या बशीवर पसरायचं आणि भिंगाने एकेक बघायचं. झोप जरा जास्त झाली की पंख ताठ उभे राहतात, मग ते चिलट कायमचं झोपलं समजायचं. पहिल्या आठवड्यात मी कितीतरी अशी झोपवली. सर नुसतं 'हं' म्हणायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पहाटेचं काम वेगळं. कोशातून बाहेर आलेल्या माद्या काही तासांत नरांपासून वेगळ्या काढायच्या, नाहीतर त्यांचं आपापसात जमून जातं आणि मग पोरं कोणाची ते कळत नाही. काकीने एकदा विचारलं, इतक्या लवकर उठून काय निवडतस? मी म्हटलं, मुली वेगळ्या काढते, आपण ठरवू त्याच्याशीच त्यांचं लग्न व्हावं म्हणून. काकी जात्यावर बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "पण त्यांका तरी विचार. आमका कोणी विचारल्यान नाय." पुढे चाळीस बाटल्यांचा कारभार सांभाळतानाही ते वाक्य मला अधूनमधून आठवून हसू यायचं.

आणि मग एका सकाळी बशीवर मला पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. दुधात पडलेल्या तांदळाच्या कणीसारखे डोळे. मला वाटलं माझेच डोळे गेले. सरांना हाक मारली, ते दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले. परदेशात अशी चिलटं पूर्वीच सापडली होती, पुस्तकात त्यांची चित्रं होती, पण आमच्या काजीच्या बोंडावर? सर खुर्चीवर बसले, उठले, परत बसले. मग म्हणाले, नाचायचं नाही. हा पांढरेपणा रक्तात असेल तर मोल, नाहीतर नुसता आजारी नर.

ते कसं कळणार, तर असं. त्या नराचं लग्न लाल डोळ्यांच्या माद्यांशी लावायचं. पोरं सगळी लालच होणार. पण पांढरेपणा रक्तातला असेल तर तो त्यांच्यातल्या मुलींच्या पोटात दडून बसतो आणि नातवंडांत परत वर येतो, तोही फक्त नातवांत, निम्म्या नातवांत. नाती सगळ्या लालच. म्हणजे माझी जागा त्या नराच्या नातवांच्या डोळ्यांत होती. मुलं झाली, सगळी लाल. नर म्हातारा होऊन मेला. मुलांना एकमेकांत सोडलं, अंडी पडली, आईबापांना बाहेर काढलं. तीन बाटल्यांत नातवंडांच्या अळ्या वळवळायला लागल्या. आठवड्याभराने निकाल.

आणि त्याच आठवड्यात गावपळण आली.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी सगळा गाव रिकामा करायचा असतो. देवाचा कौल घेतात आणि तीन दिवस, तीन रात्री माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या असं सगळं घेऊन गावाच्या शिवेबाहेर जायचं. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. शिवेबाहेर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी बांधून राहायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देवाने हो म्हटलं तर परत यायचं. एरवी ही पळण थंडीत व्हायची. त्या साली मानकऱ्यांच्या घरी सुतक आलं म्हणून लांबली आणि कौल मिळाला तो ऐन वैशाखात.

सर चिडले. बाटल्या कुलपात ठेव, वाळू ओली कर, तीन दिवसांत काही होत नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, सर, तीन दिवस वाळू कोण भिजवणार? गावात पाऊल टाकायचं नाही. शिवाय जिवंत काही घरात मागे ठेवलंय हे काकीने ऐकलं तर ती घराबाहेर पडायचीच नाही. मग प्रश्न देवळात गेला. तातू गावकर म्हणजे आमच्या गावचे मोठे मानकरी, पायाने लंगडे आणि जिभेने सरळ. त्यांनी मला बाटली घेऊन बोलावलं. मंडळी जमली. एकजण म्हणाला, घरातल्या मुंग्या आणि पाली आपण नेतो का, मग चिलटं का न्यायची? दुसरा म्हणाला, पण मुंग्यांना कोणी बाटलीत ठेवून नाचणी घालत नाही. तातूंनी बाटली उजेडाकडे धरली, आतल्या अळ्या बघितल्या.

"मुंगयो नि पाली देवाच्यो," ते म्हणाले. "ही तुझी. पाळलेलो जीव मागे ठेवूचो नाय."

निकाल लागला. माझ्या मते पुढे मी ऐकलेल्या कित्येक मोठ्या सभांतला कुठलाही ठराव इतका स्वच्छ नव्हता. सर पुटपुटले, पण बैलगाडीत रांजण चढवायला पहिला हात त्यांनीच लावला. तिसऱ्या प्रहरी नगारा वाजला आणि गाव निघाला. पुढे गुरं, मागे टोपल्यांतल्या कोंबड्या, त्याच्या मागे आमचा रांजण, आणि रांजणाला धरून धोतर खोचलेले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक.

आमची खोप एस.टी.च्या रस्त्याला लागून, आंब्याच्या सावलीत होती. सर तिथे जे खुलले ते मी कॉलेजात कधी बघितले नव्हते. दुपारी पत्ते, संध्याकाळी खाडीवर पोहणं, ह्या खोपीत काजूची उसळ, त्या खोपीत कोलंबीचं तिखलं. ईथरला आग चटकन लागते म्हणून माझी बशी चुलींपासून लांब, करंजाखाली मांडलेली. पोरंबाळं रांगेने भिंगातून बघून जायची.

घोळ पहिल्याच संध्याकाळी झाला. काकीची एक रीत होती. उघड्यावर रांधायची वेळ आली की घरच्या मुक्या जिवांना आधी वाढायचं, मग आपण. त्या दिवशी तिने घावणे आणि नारळाचा गोड रस केला होता. गाईला घातलं, कुत्र्याला घातलं, कोंबड्यांना चुरून टाकलं. आणि तातूंनी ज्यांना घरचे ठरवले होते त्यांच्याकडे ती वळली. मी विहिरीवरून परत आले तर काकी रांजणापाशी बसलेली, दोन बाटल्यांची बुचं काढून बाजूला ठेवलेली, आणि चमच्याने रस आत सोडतेय. बाहेरची चिलटं गुळाच्या वासाने केव्हाच आत शिरली होती. तिसऱ्या बाटलीच्या बुचाला तिने हात घातला आणि मी किंचाळले.

"सगळ्यांका वाढलंय," काकी गोंधळून म्हणाली. "ह्यांकाच उपाशी कशी ठेवू?"

सर आले. त्यांनी बाटल्या बघितल्या. आत रानची चिलटं आणि आमची नातवंडं अशी भेसळ होणार, त्या बाटल्यांतून काहीही निघालं तरी ते आमचंच असं छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. दोन्ही बाटल्या बाद. सरांनी काकीला समजावलं, तुमची काही चूक नाही, एक आहे ना अजून. मी मात्र समजावलं नाही. मी रडत खोपीच्या मागे जाऊन बसले. काकीने माझ्या रडण्याकडे बघितलं आणि ती आत गेली. ती माझ्यावर किती जीव लावून होती हे मला तेव्हा कळत होतं, तरी मी उठून तिच्याकडे गेले नाही. पुढे नोकरीला लागल्यावर तिला शहरात आणून माझी प्रयोगशाळा दाखवायची हे दर उन्हाळ्यात ठरवत होते. राहून गेलं, आणि मग ती राहिली नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

चौथ्या दिवशी कौल घेतला. देवाने हो म्हटलं नाही. आणखी एक दिवस. गावाला काय, पत्ते पुन्हा पिसले. सरांची मात्र पंचाईत झाली. त्यांना विद्यापीठात पेपर तपासायला हजर व्हायचं होतं, दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी धरणं भाग होतं. आणि त्याच दुपारी उरलेल्या बाटलीतले कोश फुटायला लागले. मी ईथर दिला, चिलटं बशीवर पसरली. एक लाल. दुसरं लाल. सगळी लाल. सरांनी परत परत बघितलं, ईथरने त्यांचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, सर, ह्या सगळ्या माद्याच आहेत, नर एकही नाही. ते म्हणाले, नर ह्या उकाड्यात कोशातच मेले असतील. आणि मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, जाऊ दे मंदा, चांगलं काम केलंस. जागेचं जूनमध्ये बघू. त्या 'बघू'चा अर्थ सदाशिव, हे कळायला काही आनुवंशिकता शिकायला नको होती.

माद्या नरांपेक्षा आधी बाहेर पडतात, हे सरांनीच आम्हाला वर्गात शिकवलेलं. पण निराश माणसाला स्वतःचं शिकवलेलंही आठवत नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही आठवलं नाही.

त्याच संध्याकाळी मला आणखी एक गोष्ट कळली. शेजारच्या खोपीतली बाई मला म्हणाली, तुझ्या काकीला बरं नाही काय गो, पहिल्या दिवसापासून नुसती पेजेवरची निवळ पिते. मी काकीला विचारलं. ती म्हणाली, पोट बिघडलंय. मी तिला चांगली ओळखत होते. तिने त्या बाटल्यांपायी अन्न सोडलं होतं, आणि कोणाला ते दिसू नये म्हणून पानावर बसून भात कुत्र्याला घालत होती. मी तिच्या हातापाया पडले, म्हटलं, काकी, जागा गेली खड्ड्यात, मी टायपिंग शिकेन, तू जेव. ती उठून गाईला पाणी पाजायला गेली.

सकाळी सर ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होते. मी शेवटचं म्हणून बाटली बघायला गेले. काचेला नवी चिलटं चिकटलेली. बशीवर घ्यायला वेळच नव्हता, मी बाटली उन्हाकडे धरून भिंग काचेला लावलं. लाल. लाल. मग एक, काळ्या बुडाचा, म्हणजे नर. त्याने तोंड वळवलं. पांढरे डोळे. त्याच्या शेजारी आणखी एक.

गाडी आली तेव्हा मी अनवाणी रस्त्यावर होते. सर पायरीवर चढले होते, कंडक्टरने घंटी दिली होती. मी बाटली उंच धरून गाडीमागे हात करत होते. तातू गावकर रस्त्याच्या कडेला दात घासत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि लंगडत जाऊन सरळ गाडीसमोर उभे राहिले.

"सायब," ते म्हणाले, "चेडू काय सांगता तां आधी आयका."

सरांनी पायरीवर उभ्या उभ्या भिंग लावलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सर बघत राहिले. मग भिंग काढून चश्मा पुसला, पुन्हा बघितलं. कंडक्टर विचारायला लागला की काय आहे, तर त्यालाही दाखवलं, मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्याला. अख्खी गाडी खाली उतरली. सरांनी कंडक्टरला टपावरची ट्रंक खाली काढायला सांगितली. पेपर तपासायला दुपारच्या गाडीने गेलो तरी चालेल, असं काहीतरी ते स्वतःशीच बोलत होते. मी वाट बघत होते की आता ते मला काही म्हणतील. ते माझ्या बाजूने निघून गेले, थेट आमच्या खोपीत. काकी चुलीपाशी पाठ करून बसली होती. म्हणजे तिने अन्न सोडल्याचं सरांनाही कळलं होतं, कधी कळलं ते मला माहीत नाही.

"काकी," सर म्हणाले, "नातू झाले. आता जेवा."

काकीने पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. मी तिला मिठी मारली, मीही रडले. सकाळची वेळ, तरी तिने भात टाकला. सर तिच्याबरोबर पानावर बसले, त्याशिवाय ती घास घ्यायची नाही म्हणून. तिने पहिला घास घेतल्यावरच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जागा तुझी म्हणाले. माझं तिकडे लक्षच नव्हतं. काकीने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला होता, आणि मी तिच्या पानाकडे बघत होते.